आज नको

एकतीस वर्षं मी इम्जारच्या धक्क्यावर
फेरीबोटीची तिकिटं फाडली.
समुद्राशी माझा व्यवहार तेवढाच,
काचेआडून, सुट्ट्या पैशांत.
एकदा गेले होते गुडघाभर, भाचीची वाहून चाललेली चप्पल धरायला.

बाबा लांपुकी मासे पकडायचे. त्यांनाही पोहता येत नव्हतं.
विचारलं तर म्हणायचे,
पोहता आलं की बुडायला वेळ लागतो, बाकी काही नाही.

आता निवृत्त. डॉक्टरीण म्हणाली हृदय ठणठणीत आहे,
म्हणजे तीही सबब गेली.

श्लेंडीच्या खाडीत पहिलं दुकान रेनाल्डचं.
भिंतभर प्रमाणपत्रं, दंडावर गोंदलेला ऑक्टोपस.
"घाबरायचं काय त्यात? दहा वर्षांची पोरं उतरतात."
दहा वर्षांची असते तर मीही उतरले असते.
भीती मुरायला वेळ लागतो,
मिठातल्या केपरच्या कळीसारखा.

पाण्यात पडलं की पोहता येतं
असं म्हणणारे सगळे मला काठावर भेटलेत, कोरडे.

म्हणून विचारणं सोडलं.
भिंतीवर बसून राहिले आठ सकाळी, टोमॅटो चोळलेला पाव घेऊन.
बघत होते, कोण शिष्याच्या आधी पाण्याबाहेर येतं,
कुणाचा मास्क सटकला की कोण हसतं.
नाझ्यू हसायचा. माणूस वाईट नव्हे,
पण त्याचं घड्याळ त्याच्याआधी पाण्यात उतरायचं.

सहाव्या दिवशी एक उंच जर्मन पोरगा
पाच मिनिटांत वर आला, तोंडातली नळी थुंकून
रडायला लागला. एवढा दाढीवाला माणूस.
विस्टिन त्याच्याबरोबरच वर आला होता.
बोलला काही नाही.
त्याची टाकी उतरवून घेतली, मग स्वतःची,
आणि दोघं पायरीवर बसून कलिंगड खात राहिले,
बिया थुंकत, कुणाची लांब जाते बघत.
पैसे परत दिले का, ते दिसलं नाही.
तिकीटवाली मी, मान वाकडी करून बघत होते.

त्याच्या दारात गेले तेव्हा
लिहून नेलेले प्रश्न पर्सच्या तळाशी चुरगळलेले.
तोंडातून भलतंच निघालं,
"तुम्हाला भीती वाटते?"
तो गोड्या पाण्याच्या टबात नळ्या खंगाळत होता.
"हवा मी दोनदा तपासतो," म्हणाला.
"पहिल्यांदा, नियम आहे म्हणून."
आणि पुढची नळी उचलली.

मंगळवार ठरला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
आत नवा पोहण्याचा पोशाख, वर गळ्यापर्यंत बटणं लावून
चर्चला निघाल्यासारखी गेले.
विस्टिन खाडीच्या तोंडाकडे बघत उभा.
मला तर समुद्र परातीसारखा सपाट दिसत होता.
"आज नको. तळाशी घुसळतंय."
बाकीच्या दोघांची मंडळी उतरली.

हायसं वाटलं.
मग हायसं वाटल्याचा राग आला.
मग बसमध्ये, चढणीच्या वळणावर, लक्षात आलं,
चला, चला म्हणणारे जन्मभर भेटले,
आज नको म्हणणाऱ्याला
मी पहिल्यांदाच पैसे देत होते.

शुक्रवारी कमरेएवढं पाणी.
मास्कमध्ये आधी थुंकायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.
थुंकले. साठीला आलेली बाई, भर उजेडात,
आणि वरच्या बाल्कनीत मायरोसा कपडे वाळत घालतेय.

मग डोकं आत.
माझाच श्वास, फेरीच्या इंजिनासारखा,
एवढा मोठा, एवढा जवळ.
त्याने अंगठा तर्जनीला जुळवून विचारलं, ठीक?
मी पंजा आडवा धरून हलवला.
नाही.
त्याने मान डोलावली.
वर चल म्हणाला नाही, खाली चल म्हणाला नाही.
हाताच्या अंतरावर, वाळूत गुडघे टेकून,
माझ्याकडे बघत
थांबला.